वाटी केवढी असावी?

बैठकीतला सगळ्यात लांबलेला वाद कार्यालयाच्या भाड्याचा नव्हता, तारखेचाही नव्हता. तो वाटीचा होता. खजिनदार ताईंनी टेबलावर पळसाच्या पानांचे तीन द्रोण मांडले होते. एकात चार घास मावतील, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात जेमतेम एक. "हा सगळ्यात लहान घेऊ," असं त्या म्हणाल्या आणि खोलीत गलका उडाला. "अहो, एवढ्याशा द्रोणात मसालेभात वाढायचा? लोक काय म्हणतील?" हे विचारणाऱ्या काकूंनी आयुष्यभर पंक्ती वाढल्या आहेत. पाहुण्यानं नको म्हटलं की आणखी एक पळी वाढायची, हेच त्यांना अगत्य म्हणून शिकवलं गेलंय. त्यांच्या हातून कमी वाढलं जाणं अवघड होतं आणि ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं.

मी त्या लहान द्रोणाच्या बाजूची आहे. मदतनिधीसाठी भरवलेली खाद्यजत्रा तरते की कोलमडते, हे बहुतेक वेळा त्या एका निर्णयावर ठरतं असं मला वाटतं. रांगा, नासाडी, स्वच्छता, खर्च, घरच्या चवीची हमी, सगळं त्याला येऊन चिकटतं.

आमची खाद्यजत्रा पुण्यात, एका मंगल कार्यालयात व्हायची होती आणि ती होती ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहासाठी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची असते. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते. मुलगी असेल तर फडावरच्या कोपीत धाकट्यांना सांभाळायचं काम तिच्याकडे येतं आणि परत आल्यावर वर्गात बसायला ती तयार नसते. म्हणून गावाकडे राहायची सोय हवी. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, वसतिगृह भरलेलं असतं आणि सगळ्यात मोठा खर्च किराण्याचा असतो. अन्नासाठीच पैसे उभे करायचे, तर ते अन्नातूनच का करू नयेत, असा विचार पुढे आला.

आनंदमेळा आपल्याला नवा नाही. सोसायटीच्या गणेशोत्सवात, शाळेच्या मैदानावर कुपनं घेऊन भेळ नि पॅटिस खाल्लेलं नाही असा माणूस शहरात सापडणार नाही. इथे बेत वेगळा होता. दारात एकच देणगी प्रवेशिका घ्यायची. आत गेल्यावर पाकीट काढायचं नाही. तीस टेबलं, प्रत्येकावर एकच पदार्थ आणि प्रत्येकाची फक्त चव. करणारे आपल्या खर्चानं करून आणणार.

आता हिशेब मांडून बघा. समजा ६०० माणसं येणार आहेत, ३० टेबलं आहेत, वेळ तीन तासांची आहे आणि प्रत्येकजण १५ पदार्थ चाखणार आहे. द्रोणात १२० ग्रॅम वाढलं तर एका माणसाला पावणेदोन किलोहून जास्त अन्न खावं लागेल. ते कोणालाच शक्य नाही. सहाव्या-सातव्या टेबलाशी पोट भरेल आणि पुढचे द्रोण अर्धे खाऊन कचऱ्यात जातील. ४० ग्रॅम वाढलं तर १५ पदार्थांचे ६०० ग्रॅम होतात, म्हणजे एक पोटभर जेवण. करणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर फरक आणखी मोठा दिसतो. सहाशे जणांना १२० ग्रॅमनं ७२ किलो मसालेभात लागतो, ४० ग्रॅमनं २४ किलो. चोवीस किलो भात एक सुगरण दोन मदतनीस हाताशी घेऊन, भाड्याची पातेली आणून करू शकते. बहात्तर किलोला आचारी बोलवावा लागतो. आचारी आला की त्याची मजुरी आली, आणि ज्या हाताच्या चवीसाठी लोक येणार तो हात बाजूला राहिला. पुरणपोळीचंही तसंच. पाव पाव भाग केले तर १५० पोळ्यांत भागतं. अख्खी द्यायची ठरवली तर ६०० लाटाव्या लागतात.

हा हिशेब ऐकल्यावर काकू म्हणाल्या, "बरं. पण ज्यानं परत मागितलं त्याला मी नाही म्हणणार नाही." ते सगळ्यांनी मान्य केलं. पहिल्यांदा एक घास, आवडलं तर पुन्हा रांगेत या. आग्रह करणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त मुरड घालायला लावू नये.

चाखण्यातून निधी उभा करण्याच्या या प्रकाराला अमेरिकेत मोठं रूप मिळालं. १९८४ मध्ये इथिओपियातल्या दुष्काळाच्या बातम्यांनी हादरलेल्या बिल शोअर आणि डेबी शोअर या भावाबहिणीनं वॉशिंग्टनमध्ये 'शेअर अवर स्ट्रेंग्थ' ही संस्था काढली. बिल त्याआधी राजकारण्यांसाठी काम करत. सुरुवातीचं भांडवल म्हणजे क्रेडिट कार्डावर उचललेले दोन हजार डॉलर. त्यांनी उपाहारगृहांच्या शेफना हाक दिली, आणि त्यांची मागणी निव्वळ चेक लिहून देण्याची नव्हती. तुम्हाला जे उत्तम येतं ते द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८८ पासून 'टेस्ट ऑफ द नेशन' या नावानं गावोगावी अशा खाद्यजत्रा भरू लागल्या. शहरातले नावाजलेले शेफ एका छताखाली येत, आपापल्या पदार्थाची चव देत, आणि प्रवेशिकांचा पैसा भूकनिवारणाच्या कामाला जाई. कौशल्य ही देणगी असू शकते, हे त्यांनी नेमकं ओळखलं. आमच्या तीस टेबलांमागे उभ्या राहिलेल्या बहुतेक बायकांकडे स्वतःच्या नावावर देणगी देण्याइतका मोकळा पैसा नव्हता. हात मात्र असा होता की त्यासाठी लोक पैसे मोजायला तयार होते.

आपल्याकडेही याची मुळं आहेतच. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमान'च्या संयुक्त प्रयोगात एकत्र उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. कलावंतानं कला द्यायची, रसिकानं तिकिटाच्या रूपानं निधी द्यायचा, ही सहाय्यार्थ प्रयोगाची रीत मराठी रंगभूमीवर पुढेही टिकली. आणि लहान घासाशी त्याहून जवळचं नातं आहे मुष्टिफंडाचं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालवली. एका घराला एक मूठ जड नव्हती, आणि त्या मुठींवर खेड्यापाड्यांतली पोरं शिकली.

तारीख ठरवताना पंचांग उघडावंच लागतं. श्रावणात मांसाहाराची टेबलं ओस पडतील, पितृपक्षात लोक येणार नाहीत, मार्गशीर्षातले गुरुवार अनेक घरांत पाळले जातात. एकादशी आणि संकष्टी तर टाळायलाच हवी, नाहीतर अर्धे लोक साबुदाण्याच्या टेबलाशी गर्दी करतील. लग्नाचे मुहूर्त असले की कार्यालय मिळत नाही. आम्ही पौषातला शनिवार निवडला. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे कार्यालय सहज मिळालं. हवा थंड, म्हणून अन्न खराब होण्याची धास्ती कमी. शिवाय ज्वारीचा हुरडा नुकता सुरू झालेला असतो, म्हणजे एक टेबल आपोआप ठरलं.

कार्यालयाच्या मालकांनी दालनात गॅस सिलिंडर आणायला मनाई केली आणि त्यांचं बरोबर होतं. मग कोणीतरी इंडक्शन शेगड्या सुचवल्या. एक शेगडी साधारण दोन हजार वॅटची धरली तर तीस शेगड्या म्हणजे ६० किलोवॅट. वायरमननं ऐकताक्षणी नकार दिला. शेवटी तळणं, भाजणं आणि गरम करणं मागच्या अंगणात, मांडवाखाली, वाळूच्या बादल्या नि अग्निशामक जवळ ठेवून करायचं ठरलं. आत फक्त गरम राखण्याची भांडी.

सरकारी बाबी थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ मंडळं इथेच अडकतात. आमच्यामागे नोंदणीकृत न्यास होता. तसा नसेल तर धर्मादाय कामासाठी निधी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळांना ही वाट पाठ असते. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि तात्पुरती टपरी मांडणारे, समारंभात अन्न वाटणारेही त्याच्या कक्षेत येतात, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाकडे आधीच चौकशी करावी. आणि एक गोष्ट दारावर स्पष्ट लिहावी. प्रवेशिकेच्या बदल्यात खाणं मिळतं, म्हणून तिच्यावर ८० जीची करसवलत मागू नये. सवलत हवी असलेल्यांसाठी देणगीचं टेबल वेगळं ठेवावं, आणि तिथेही दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीला चालत नाही हे आधीच सांगावं. नंतरची कटुता टळते.

अन्नाच्या स्वच्छतेबद्दल मात्र थोडक्यात बोलून चालणार नाही. ज्यांच्या जेवणासाठी पैसे गोळा करतोय त्यांच्या नावावर कोणी आजारी पडलं तर ते नाव पुन्हा उभं राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा दंडक आहे. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवा, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. भाताबाबत तर विशेष सांभाळावं लागतं. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि मग विष तयार होतं. नुसतं पुन्हा गरम केल्यानं ते जात नाही. म्हणून भात दोन हप्त्यांत करून आणायचं ठरलं. एक स्वयंसेवक अन्नात खुपसायचा तापमापक घेऊन सतत फिरत होता. पहिल्यांदा बायकांना ते अपमानासारखं वाटलं. "माझ्या हातच्या आमटीला ताप मोजायला काय झालं?" असं एकीनं विचारलंच. त्यानं शांतपणे कारण सांगितलं. तासाभरानं त्याच त्याला हाक मारून आमटी मोजायला लावत होत्या.

दुसरी काळजी दाण्यांची. मराठी स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कुठे नसतं? कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, अळूच्या भाजीत, उसळीत, खिचडीत. ज्याला दाणे चालत नाहीत त्याला हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून प्रत्येक टेबलावर मोठ्या अक्षरांत पाटी होती. पदार्थाचं नाव, करणारीचं गाव आणि त्यात दाणे, तीळ, खोबरं, दूध, गहू यांपैकी काय आहे ते. सामिष टेबलं एका बाजूच्या दालनात, त्यांचे वाढपी निराळे.

साडेपाचला दार उघडलं तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती. प्रवेशिकेवर वेळ तीन तासांची होती, पण आपल्याकडे लवकर गेलं की सगळं मिळतं हा समज पक्का आहे. पहिल्या पाऊण तासात आलेल्या गर्दीनं दालन भरून गेलं. आजोबा काठी टेकत, मांडीवरची पोरं, ऑफिसातून थेट आलेली तरुण मंडळी, कोणाच्या खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. तळणीचा आणि खोबऱ्याच्या वाटणाचा वास अंगणातून आत येत होता.

गर्दी ही अशा कार्यक्रमाची दौलत असते, आणि जपावं लागतं तेही तिलाच. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे. रांगेत सरासरी किती माणसं असतील ते काढायला दर मिनिटाला येणाऱ्यांच्या संख्येला प्रत्येकाच्या थांबण्याच्या वेळेनं गुणायचं. एकाला वाढायला २० सेकंद लागली तर एक टेबल मिनिटाला तिघांना वाढतं, म्हणजे समोर तीस माणसं उभी असली की शेवटच्याला दहा मिनिटं. तीन तासांत ते टेबल ५४० जणांना पुरं पडतं. साध्या पदार्थांना हे पुष्कळ झालं. पण कोल्हापुरी तांबडा-पांढरा, उकडीचे मोदक, पुरणपोळी, खान्देशी भरीत यांच्यापाशी सहाशेच्या सहाशे माणसं जाणार, तीही सुरुवातीच्या दीड तासात. तिथे एका वाढप्याचं काम नव्हतंच. म्हणून अशा टेबलांना दोन्ही बाजूंनी वाढपी दिले, द्रोण आधीच भरून ताटांत मांडले आणि ही चार टेबलं दालनाच्या चार कोपऱ्यांत ठेवली. एकमेकांशेजारी असती तर मधली वाट बंद झाली असती.

तरीही सोलकढीपाशी कोंडी झालीच. तिखट रस्सा पिऊन आलेला प्रत्येक माणूस तिकडेच वळत होता, आणि कोणाच्या तरी हातून सांडलेल्या कढीनं फरशी निसरडी झाली. वयस्क स्वयंसेवक दादांनी लगेच रांग थांबवली, पोतं टाकलं, फरशी कोरडी करून घेतली आणि मगच पुढे सोडलं. दोन मिनिटं लोक कुरकुरले. मला मात्र त्या दोन मिनिटांचं मोल फार वाटलं. २००५ मध्ये मांढरदेवीच्या यात्रेत जी चेंगराचेंगरी झाली, तिथल्या पायऱ्या नारळाच्या पाण्यानं निसरड्या झाल्या होत्या हे महाराष्ट्र विसरलेला नाही. कार्यक्रम लहान आहे म्हणून फरशी कमी निसरडी होत नाही.

त्या संध्याकाळी मी खूप चाखलं. कळण्याच्या भाकरीच्या तुकड्यावर भरीत, सीकेपी पद्धतीचं वालाचं बिरडं, विदर्भातला गोळाभात वर हिंगाच्या फोडणीचं तेल घालून, कोकणातली फणसाच्या रसातली सांदणं, देशावरची शेंगोळी. एका घासात पदार्थ नीट कळतो. जिभेला भूक राहते, म्हणून पुढच्या टेबलाशी ती जागी असते. बिरड्याच्या वालांची सालं सोलायला किती वेळ लागतो हे विचारायला लोक थांबत होते, आणि सांगणारीचा चेहरा खुलत होता. भरलेलं ताट पुढे आलं की माणूस खाण्यात गुंततो. लहान द्रोण हातात असला की बोलायला सवड मिळते.

पण सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते दाराजवळच्या साध्या टेबलाबद्दल. नियोजनाच्या वेळी एक सूचना आली होती की वसतिगृहातल्या मुलींना व्यासपीठावर आणावं, एखादं गाणं म्हणायला लावावं, म्हणजे देणगीदारांना भावेल. ती सूचना मागे घेतली गेली याचं मला आजही समाधान आहे. मुलगी शिकायला आली आहे. तिच्या आईबापाची गरिबी लोकांपुढे उभी करून दाखवण्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नये. त्याऐवजी वसतिगृहात रोज स्वयंपाक करणाऱ्या मावशींना बोलावलं आणि त्यांनी मुली रोज खातात तेच केलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथीची भाजी, ठेचा. शेजारच्या फलकावर एका मुलीच्या महिन्याच्या जेवणाला किती धान्य, किती डाळ, किती तेल लागतं ते लिहिलेलं.

यामागे अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका उपक्रमाची आठवण होती. १९९० च्या सुमाराला मिशिगनमधले कलाशिक्षक जॉन हार्टम आणि लिसा ब्लॅकबर्न यांनी 'एम्प्टी बोल्स' सुरू केला. शाळेतल्या मुलांनी मातीचे वाडगे घडवायचे, पाहुण्यांनी त्यात साधं सूप नि पाव खायचा आणि रिकामा वाडगा घरी न्यायचा. कोणाची तरी ताटली रिकामी आहे, हे लक्षात राहावं म्हणून. मेजवानीच्या जागी साधं जेवण ठेवण्याचं त्यांचं धाडस मला मोठं वाटतं.

मावशींच्या टेबलाशी सुरुवातीला कोणी थांबेना. समोर मोदक दिसत असताना वरण कोण घेणार? मग एका आजींनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि मागे वळून नातवाला हाक मारली, "अरे, इकडे ये, ही भाकरी खाऊन बघ." ज्वारी नवी होती, भाकरी हातानं थापलेली, तव्यावरून थेट आलेली. थोड्या वेळानं तिथेही रांग लागली. लोक ठेच्याची तारीफ करता करता फलक वाचत होते. काहीजण तिथून सरळ देणगीच्या टेबलाकडे गेले. मावशी कोणालाही मुलींच्या हालअपेष्टा सांगत नव्हत्या. त्या फक्त विचारत होत्या, "वरण आवडलं का? पोरींना जरा आंबटच लागतं."

साडेआठनंतर पातेली तळाला लागली. उरलं ते कमी, कारण द्रोण लहान होते. जे झाकलेलं आणि गरम होतं तेवढंच एका संस्थेच्या गाडीतून लगेच गेलं. टेबलावर उघडं राहिलेलं कोणाला दिलं नाही, आणि यावरही थोडी वादावादी झाली. आपल्याला अन्न टाकवत नाही हे खरं. तरी आपण स्वतः जे खाणार नाही ते गरिबाला द्यायचं हे मला पटत नाही. त्यातलं काही कंपोस्टला गेलं. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, त्यामुळे द्रोण पानांचेच होते, तेही सगळे कंपोस्टच्या खड्ड्यात गेले.

पुढच्या आठवड्यात हिशेबाची बैठक झाली. कार्यालय, मांडव, पाणी, द्रोण यांचा खर्च दोन व्यापाऱ्यांनी आधीच उचलला होता, म्हणून प्रवेशिकेचा रुपया न् रुपया किराण्याला गेला. तसं पत्र प्रत्येक प्रवेशिकाधारकाला आणि टेबल मांडणाऱ्या प्रत्येकीला पाठवायचं ठरलं, किराणा दुकानाच्या बिलाच्या प्रतीसह. पुढच्या वर्षी प्रवेशिका दोन सत्रांत विकायच्या, म्हणजे पहिल्या पाऊण तासातली झुंबड टळेल. सोलकढीची टेबलं दोन, तीही अंगणात. भाकरीच्या टेबलाला दुसरी शेगडी द्यायची, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. मावशींना फोन लावला तेव्हा त्या लगेच तयार झाल्या. त्यांची अट एकच होती, काटवट आणि पीठ त्या घरून आणणार, कारण कार्यालयातल्या परातीत भाकरी नीट थापता येत नाही.